पोटगी किती दिवसांची?

परवा संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो, तेवढ्यात शेजारची एक मुलगी जिना चढून वर आली. कधीकाळी माझ्याच वर्गात बसलेली, आता तिशी ओलांडलेली. तिच्या घरात काय चाललं आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नव्हती. म्हणाली, "सर, तुम्ही वाचत असता म्हणून विचारते. घटस्फोट झाल्यावर पोटगी किती वर्षं मिळते? कोणी म्हणतं तीन वर्षं, कोणी म्हणतं पोरगं अठरा वर्षांचं होईपर्यंत. आमच्या घरचे म्हणतात, घटस्फोट झाला की विषयच संपला."

मी लगेच उत्तर दिलं नाही. "उद्या ये, कागद काढून ठेवतो," एवढंच म्हणालो. तिला वाटलं असेल, सर म्हातारे झाले, आठवत नसेल. पण कारण वेगळं होतं. हाच प्रश्न १९८४ साली मला एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी जागच्या जागी, मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं होतं. ते उत्तर चुकलं होतं. त्या चुकीची किंमत पाच हजार सातशे साठ रुपये झाली, आणि ती माझ्या खिशातून गेली नाही.

वाचकहो, मी वकील नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. बी.ए. केलं तेही मराठी माध्यमातून, नागपूर विद्यापीठाचं. अमरावतीचं विद्यापीठ तेव्हा व्हायचं होतं. तेव्हा हा लेख म्हणजे सल्ला नव्हे, सल्ला वकिलाकडूनच घ्यावा. मी फक्त त्या एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यात माझा स्वतःचा इतिहास थोडा मिसळला आहे, त्याला इलाज नाही.

पोटगी या शब्दातच पोट आहे. जुन्या कागदपत्रांत अन्नवस्त्र, चोळीबांगडी असेही शब्द भेटतात. अर्थ एकच, घरातल्या बाईचं पोट भरण्याची आणि अंग झाकण्याची सोय. ही सोय विधवेची असे, कधी टाकलेल्या बाईचीही असे. पण बाई त्या घरची गणली जात असे तोवरच. नातं कायम म्हणून मुदतीचा प्रश्न नाही, ती जगेल तोवर तिला घरानं खायला घालायचं. अर्थात घालत होते की नाही हा भाग निराळा.

उलट जिथे नातं मोडत असे तिथे सगळंच मोडत असे. आपल्याकडे वऱ्हाडात बऱ्याच जातींमध्ये काडीमोड होती, फारकती होती. पंचांसमोर काडी मोडली की नवरा मोकळा, बाई मोकळी. मग तिनं दुसरा पाट लावायचा, नाही तर माहेरी भावाच्या वावरात राबायचं. काडीमोड झाल्यावरही नवऱ्यानं महिन्याच्या महिन्याला काही द्यावं, असं मी लहानपणी कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि ज्या जातींत काडीमोड नव्हती तिथे बाई जन्मभर 'टाकलेली' म्हणून राहायची.

म्हणजे आपल्या लोकांच्या डोक्यातलं गणित साधं होतं. नातं आहे तर अन्नवस्त्र आहे, नातं तुटलं तर काही नाही. हे गणित किती खोल रुजलेलं असतं ते मला माझ्यावरूनच कळलं.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ नावाचं एक कलम होतं. ऐपत असूनही जो माणूस बायकोला किंवा मुलांना पोसत नाही, त्याला मॅजिस्ट्रेट दरमहा ठरावीक रक्कम द्यायला लावू शकत असे. हे कलम दिवाणी कायद्यात न ठेवता फौजदारीत ठेवलं, कारण सरकारला काळजी होती ती भुकेलेली माणसं रस्त्यावर येण्याची. म्हणून ते हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद न करता सगळ्यांना लागू होतं. रकमेला मात्र कमाल मर्यादा होती. आधी ५० रुपये, १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५००. हा पाचशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

या कलमात एक मोठं भोक होतं. ते 'बायको'साठी होतं. बायको राहिली नाही तर कलमही राहत नव्हतं. त्यामुळे ज्याला घटस्फोट देणं सोपं होतं, तो पोटगीचा हुकूम झाल्यावर घटस्फोट देऊन मोकळा होऊ शकत होता.

हिंदूंपैकी बहुतेकांना ही वाटही नव्हती, कारण रूढीनं काडीमोड असेल तर असेल, कायद्यानं घटस्फोटच नव्हता. बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या संस्थानात १९३१ साली तो दिला. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. पण आपलं वाशीम मुंबई प्रांतात नव्हतं. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, अकोला जिल्ह्याचा एक तालुका. (त्याआधी १९०५ पर्यंत वाशीम स्वतः जिल्ह्याचं ठिकाण होतं, आणि १ जुलै १९९८ ला ते पुन्हा झालं, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच.) त्यामुळे पुण्या-नाशिकच्या बाईला जो हक्क १९४७ मध्ये मिळाला, तो वाशीम-रिसोडच्या बाईला मिळायला हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. डॉ. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल अडलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि शेवटी तुकड्या-तुकड्यांनी ते कायदे झाले. त्यातला विवाहाचा कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. त्या दिवशी आपण मध्य प्रदेशात होतो. मुंबई राज्यात आलो ते पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला.

या १९५५ च्या कायद्याचं २५ वं कलम आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतं. घटस्फोटाचा हुकूमनामा देताना, किंवा त्यानंतर केव्हाही, कोर्ट एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या निर्वाहासाठी रक्कम द्यायला लावू शकतं. ती एकरकमी असेल किंवा महिन्याची असेल. आणि मुदत? जास्तीत जास्त, मागणाऱ्याचा जीव असेपर्यंत. देणाऱ्याचा नव्हे, मागणाऱ्याचा. शिवाय गरज पडली तर देणाऱ्याच्या जमिनीवर किंवा घरावर त्या रकमेचा बोजा चढवता येतो. मूळ कायद्यात 'अर्जदार अविवाहित आहे तोवर' असेही शब्द होते, ते १९७६ मध्ये काढले. तरी दुसरं लग्न झालं, किंवा परिस्थिती बदलली, तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं, वाढवू शकतं, रद्द करू शकतं.

इकडे फौजदारीतलं भोकही बुजवलं गेलं. नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ मध्ये मंजूर झाली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. ४८८ च्या जागी कलम १२५ आलं. त्याच्या खाली एक छोटंसं स्पष्टीकरण जोडलं. 'पत्नी' या शब्दात जिचा घटस्फोट झाला आहे आणि जिने पुन्हा लग्न केलेलं नाही, अशी स्त्रीही येते. दोन ओळींचं स्पष्टीकरण. पण शतकानुशतकांचं ते गणित या दोन ओळींनी उलटं केलं. नातं तुटलं तरी पोट तुटत नाही, असं कायद्यानं पहिल्यांदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी म्हटलं.

मी १९७३ मध्ये नोकरीला लागलो. म्हणजे मी मुलांना हजेरीचे 'हजर' म्हणायला शिकवत होतो त्याच वर्षांत हे झालं. मला पत्ता नव्हता.

आता अक्काची गोष्ट. अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मालेगावकडच्या एका खेड्यात दिलेली. (आपलं मालेगाव, नाशिकचं नव्हे.) मूलबाळ झालं नाही आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं ते परत न्यायला आलाच नाही. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, दारू नाही, मारझोड नाही. कोरडवाहू बारा एकर, आईचा शब्द अखेरचा, आणि आईला नातू हवा होता. एवढंच.

१९७९ मध्ये काकांनी वाशीमच्या कोर्टात पोटगीचा अर्ज लावला. साठ रुपये महिना मंजूर झाले. माझा पगार तेव्हा पाचशेच्या आतबाहेर होता. साठ रुपयांत अक्काची महिन्याची ज्वारी, तेल-मीठ आणि साबण निघायचं. भावाच्या घरात ती साठ रुपये घेऊन राहत होती, म्हणजे अगदीच फुकट राहत नव्हती. या गोष्टीचं तिला किती मोल होतं ते मला फार उशिरा कळलं.

१९८४ मध्ये अकोल्याच्या कोर्टातून नोटीस आली. नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावला होता. अकोल्याला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, वकील, दिवसाची मजुरी बुडणार. काका तोवर वारले होते. कोणी गेलं नाही. दावा एकतर्फी निकाली निघाला. जूनपासून साठ रुपये बंद झाले.

अक्का तो कागद पदरात बांधून माझ्या शाळेवर आली. मधली सुट्टी होती. म्हणाली, "बापू, हे पैसे काऊन बंद केले त्यानं? वाचून सांग मले."

मी कागद वाचला. इंग्रजी माझं बेताचंच, पण विवाह संपला एवढं कळलं. आणि मी म्हणालो, "अक्का, घटस्फोट झाला. नातंच राह्यलं नाही, आता पोटगी कशाची?"

तिनं वाद घातला नाही. शिकलेला भाऊ सांगत होता. "बरं," म्हणाली, कागदाची घडी केली आणि उन्हात चालत एसटी स्टँडकडे गेली. मी हात धुऊन डबा खायला बसलो.

पुढच्याच वर्षी, २३ एप्रिल १९८५ ला, शाहबानो खटल्याचा निकाल लागला. इंदूरच्या या बाईंचं लग्न १९३२ चं. नवरा नामांकित वकील. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर त्यानं त्यांना घराबाहेर काढलं, त्यांनी पोटगी मागितल्यावर १९७८ मध्ये तलाक दिला. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये ठरवले, उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि नवरा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. न्यायालयानं सांगितलं, कलम १२५ सगळ्यांना लागू आहे, घटस्फोट झाला तरी ती स्त्री स्वतःला पोसू शकत नसेल तर पोटगी मागू शकते.

त्या निकालावर देशभर काय रान उठलं ते माझ्या पिढीला आठवत असेल. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तर महिनोन्महिने तोच विषय. शरियत, समान नागरी कायदा, राजीव गांधी, मतांचं राजकारण. मीही तावातावाने बोलायचो. त्या साली नोव्हेंबरात हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या लोकांनी तलाकपीडित बायकांना घेऊन कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने तलाक मुक्ती मोर्चा काढला, त्याच्या बातम्याही मी वाचल्या आणि मुलांना सांगितल्या. १९८६ मध्ये संसदेनं मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला, त्यावरही आम्ही भांडलो.

पण वाचकहो, एवढ्या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शाहबानोंना जे कलम लागू होतं तेच माझ्या अक्काला लागू होतं. तो निकाल मुसलमान बाईबद्दल आहे असं मी धरून चाललो होतो. तो घटस्फोट झालेल्या बाईबद्दल होता. पेपरातली बाई मला दिसत होती, आणि शाळेच्या फाटकातून कागद घेऊन परत गेलेली दिसत नव्हती.

हे कळायला १९९३ उजाडलं. माझा एक जुना विद्यार्थी वकील झाला होता. एका लग्नात जेवताना विषय निघाला आणि मी सहज म्हणालो की आमच्या बहिणीची पोटगी घटस्फोटामुळे गेली. त्याचा हात थांबला. "सर, कशी जाईल? कलम १२५ च्या खालचं स्पष्टीकरण वाचलं नाही का? त्यांनी दुसरं लग्न केलंय?" मी म्हणालो, नाही. "मग १९७९ चा हुकूम अजून जिवंत आहे. कोर्टानं रद्द केल्याशिवाय तो मरत नाही."

मला आनंद झाला. नऊ वर्षांची थकबाकी मिळेल, अक्काला एकदम साडेसहा हजार रुपये मिळतील, असा हिशेब मी ताटावरच केला. तेव्हा त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. थकलेली रक्कम ज्या दिवशी देणं लागते, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यामागचं या वाटेनं वसूल होत नाही.

आता तुम्हीच गणित करा. जून १९८४ ते मे १९९३, नऊ वर्षं, म्हणजे १०८ महिने. साठ रुपयांप्रमाणे ६,४८० रुपये. त्यातले शेवटच्या बारा महिन्यांचे ७२० मिळण्यासारखे. बाकीचे ५,७६० बुडाले. ते नवऱ्यानं बुडवले असं म्हणता येईल. पण त्याला बुडवता आले ते माझ्या एका वाक्यामुळे.

अर्ज केला. समोरच्या वकिलानं घटस्फोटाचा हुकूमनामा पुढे केला, पण तो कागद उलट अक्काच्या बाजूनेच साक्ष देत होता, कारण घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली म्हणजे नेमकी तीच. ७२० रुपये मिळाले, साठ रुपये पुन्हा सुरू झाले. पण एव्हाना साठ रुपयांत काय येत होतं? १९७९ मध्ये ज्यात महिना निघायचा त्यात आता आठवडा निघत नव्हता. म्हणून रक्कम वाढवण्याचा अर्ज केला आणि १९९५ मध्ये अडीचशे झाले.

इथे तो पाचशेचा आकडा पुन्हा येतो. १९५५ मध्ये ठरवलेली ५०० रुपयांची मर्यादा १९७३ च्या नव्या संहितेतही तशीच उचलली गेली. १९५५ मध्ये पाचशे रुपये म्हणजे बऱ्यापैकी साहेबाचा पगार. नव्वदच्या दशकात पाचशे रुपये म्हणजे एका माणसाचा किराणा, तोही काटकसरीनं. तरी नवरा कितीही श्रीमंत असो, मॅजिस्ट्रेट या कलमाखाली पाचशेच्या वर एक रुपया देऊ शकत नव्हता. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये आपल्यापुरती ती १५०० केली. आणि केंद्रानं २४ सप्टेंबर २००१ पासून मर्यादाच काढून टाकली. त्याच आठवड्यात, २८ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं डॅनियल लतीफी खटल्याचा निकाल दिला. हे लतीफी म्हणजे शाहबानोंचेच वकील, त्यांनी १९८६ च्या कायद्याला आव्हान दिलं होतं. न्यायालयानं कायदा ठेवला, पण त्याचा अर्थ असा लावला की नवऱ्यानं इद्दतच्या तीन महिन्यांपुरतं देऊन चालणार नाही, इद्दतच्या मुदतीत त्यानं बायकोच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करायची. एका आठवड्यात दोन बंधनं सुटली, एक रकमेचं आणि एक मुदतीचं. आमच्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी अमेरिकेतले कोसळलेले मनोरे होते.

मला या सगळ्यातून एक गोष्ट जाणवत आली आहे. 'किती दिवस' हा प्रश्न आपण कॅलेंडरवर मोजतो. कायद्यानं बाईला जन्मभराची मुदत १९५५ मध्येच देऊन ठेवली होती. पण रक्कम गोठवून ठेवली की मुदतीला अर्थ उरत नाही. अक्काचे साठ रुपये बंद पडले नसते आणि कोणी वाढवलेही नसते, तर ते कागदावर आजन्म चालू राहिले असते आणि प्रत्यक्षात नव्वद सालापर्यंतच मेले असते. पोटगी चालू, पण पोट उपाशी. म्हणून मिळालेली पोटगी दर काही वर्षांनी वाढवून मागावी लागते, आणि थकली तर वर्षाच्या आत उठून जावं लागतं. ज्या बाईला हे दोन्ही करायला एसटीचे पैसे आणि एक जाणता माणूस मिळतो, तिचीच पोटगी जगते.

२००२ मध्ये आम्ही पुन्हा अर्ज केला, सातशे झाले. आणि २००९ मध्ये अक्काचा नवरा वारला.

अक्का बातमी कळल्यावर दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आता?" या वेळी मी शहाणा झालो होतो, उत्तर न देता वकिलाकडे गेलो. त्यानं सांगितलं, कलम १२५ ची जबाबदारी त्या माणसाची, माणूस गेला की संपली. १९८४ मध्ये अकोल्याला कोणी हजर राहिलं असतं, कलम २५ खाली मागणी केली असती आणि त्या बारा एकरांवर बोजा चढवून सातबाऱ्यावर नोंद करून घेतली असती, तर जमीन वारसांकडे गेली तरी बोजा जमिनीबरोबर गेला असता. हुकूमनाम्यानंतरही 'केव्हाही' मागता येत होतं. पंचवीस वर्षं तो दरवाजा उघडा होता आणि आम्हाला तो दरवाजा आहे हेच ठाऊक नव्हतं.

अक्का त्यानंतर सात वर्षं जगली. सरकारच्या निराधार योजनेचे पैसे यायचे, भाच्यांनी सांभाळलं. शेवटपर्यंत ती आलेल्या पैशातले थोडे भावजयीच्या हातावर ठेवायची. मला तिनं कधी दोष दिला नाही. एकदा मीच विषय काढला तर म्हणाली, "तुले तरी कुठं माहीत होतं, बापू." माहीत नव्हतं हे खरं. पण माहीत नाही असं मी म्हणालो नव्हतो.

असो. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं राजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीची सगळी पद्धत घालून दिली. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेलेलं. दोघांनीही आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. त्यात मुदतीबद्दलही एक विचार आहे. आता काही लग्नं थोड्याच काळात मोडतात, तेव्हा प्रत्येक वेळी आयुष्यभराची पोटगी न्याय्य ठरेलच असं नाही, लग्न किती वर्षं टिकलं हेही पाहावं. हे मला पटतं. दोन वर्षांचा संसार आणि चाळीस वर्षांचा संसार एका मापाने कसा मोजणार?

आणि हे नातं एकाच दिशेचं नाही. नांदेडच्या एका शिक्षिकेचं प्रकरण २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलं. घटस्फोट २०१५ मध्येच झालेला. नंतर नवऱ्यानं पोटगी मागितली, खालच्या कोर्टानं तीन हजार रुपये अंतरिम दिले. बाईंचं म्हणणं, घटस्फोट झाला, आता नातं कसलं? उच्च न्यायालयानं कलम २५ मधले तेच शब्द दाखवले, हुकूमनाम्यानंतर केव्हाही. कायद्यात नुसतं 'बायको' लिहिलेलं नाही, बायको किंवा नवरा, दोघांपैकी कोणीही 'अर्जदार' होऊ शकतो असं लिहिलं आहे. ती बातमी वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. माझ्याच पेशातली बाई १९८४ मधलं माझंच वाक्य बोलत होती.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १२५ चं आता १४४ झालं. स्पष्टीकरणाच्या दोन ओळी तशाच आहेत. आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही ही वाट खुली आहे. शाहबानोंपासून एकोणचाळीस वर्षं झाली.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. मी तिला सांगितलं, तीन वर्षांचा असा काही नियम नाही. अठरा वर्षांची गोष्ट लेकराच्या पोटगीची, ती तुझ्याहून वेगळी. तुझी मुदत, तू पुन्हा लग्न करेपर्यंत किंवा कोर्ट बदल करेपर्यंत, आणि जास्तीत जास्त तुझ्या आयुष्यापर्यंत. तू स्वतः कमवायला लागलीस तर त्याचाही विचार होईल. एकरकमी घेऊन मिटवणार असशील तर सही करण्याआधी कागद वकिलाकडून नीट वाचून घे, कारण 'पुढे काही मागणार नाही' असं त्यात लिहिलेलं असतं. त्याच्या नावावर जमीन-घर असेल तर बोज्याचं विचार. आणि एकही महिना थकला तर वर्ष जाऊ देऊ नकोस.

तिनं वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "सर, हे सगळं नक्की ना?"

मी म्हणालो, "नाही. उद्या आपण दोघं वकिलाकडे जाऊ. मी येतो सोबत."